जुनी जपानी इलेक्ट्रिक गिटार घेताय? आधी नेक बघा

टायस्को, गुयाटोन, कावाई, किंग्स्टन, केंट अशी नावं हेडस्टॉकवर दिसली की पुण्यातला बहुतेक विक्रेता एक तर "अँटिक आहे" म्हणून अवाच्या सवा भाव सांगतो, नाही तर भंगाराच्या भावात काढून टाकतो. दोन्ही वेळा गिटारची खरी अवस्था कुणीच तपासलेली नसते. १९६० ते १९८५ च्या दरम्यानची जपानी इलेक्ट्रिक गिटार पहिल्यांदाच घेणाऱ्यांसाठी हा लेख आहे. कोणती घ्यावी, काय मोजावं, वाजती कशी करावी आणि पुण्याच्या हवेत कशी जपावी, ते क्रमाने दिलं आहे.

सुरुवातीलाच एक गोष्ट पक्की करा. या गिटारचे बरेचसे मूळ सुटे भाग आज कुणी बनवत नाही. म्हणून परत पूर्ववत करता येणार नाही असं कोणतंही काम पहिल्या सहा महिन्यांत करायचं नाही. भोक पाडणं, रंग खरवडणं, पिकअप (तारांचा कंप टिपणारी चुंबकी गुंडाळी) बदलण्यासाठी लाकूड कोरणं, यातलं काहीही नाही.

१. कोणत्या घराण्यातली गिटार आहे ते ओळखा

ढोबळमानाने दोन पिढ्या आहेत. पहिली साठच्या दशकातली. १९६५ मध्ये अमेरिकेच्या 'द व्हेंचर्स' या बँडने जपानचा दौरा केला आणि तिथे 'एलेकी'ची म्हणजे इलेक्ट्रिक गिटारची लाट आली. टायस्को, गुयाटोन, कावाई यांनी चित्रविचित्र आकारांच्या, चार-चार पिकअपच्या, ढीगभर बटणांच्या गिटार याच काळात काढल्या. १९६७ मध्ये कावाईने टायस्को विकत घेतली. यामाहाने आपल्या सॉलिड-बॉडी इलेक्ट्रिक गिटार १९६६ मध्ये आणल्या, आणि त्यांची सुतारकी सुरुवातीपासूनच उजवी होती.

दुसरी पिढी सत्तरच्या दशकातली. मात्सुमोतो शहरातल्या फुजिजेन आणि मात्सुमोकु या कारखान्यांनी आयबानेझ, ग्रेको, आरिया प्रो टू, वेस्टोन अशा अनेक नावांनी गिटार बनवल्या. मात्सुमोकु मुळात शिलाई मशीनच्या लाकडी पेट्या बनवणारा कारखाना. तो १९८७ मध्ये बंद झाला. हामामात्सुची टोकाई याच काळातली, आणि यामाहाची एसजी-२००० १९७६ ची.

नवख्या माणसाने पहिली गिटार दुसऱ्या पिढीतली घ्यावी असं माझं स्पष्ट मत आहे. तिच्यात चालणारा ट्रस रॉड (नेकचा बाक जुळवायची आतली सळई) असतो, ब्रिज नीट जुळवता येतो आणि ती रोज वाजवता येते. साठच्या दशकातली गिटार जास्त वेगळी, जास्त देखणी असते, पण ती मेहनत मागते. तिच्या वाट्याला जायचं तर भाग ३ दोनदा वाचा.

सावधान: १९७० च्या दशकातली कुठलीही जपानी कॉपी 'लॉसूट गिटार' म्हणून महाग विकली जाते. तो खटला १९७७ मध्ये गिब्सनच्या मालक कंपनीने आयबानेझच्या अमेरिकेतल्या वितरक कंपनीवर हेडस्टॉकच्या आकारावरून भरला होता आणि तडजोडीत मिटला. इतर ब्रँडचा त्याच्याशी संबंध नाही. त्या शब्दासाठी एक रुपयाही जास्त देऊ नका.

२. वय कसं काढायचं

आयबानेझवर १९७५ पासून सिरीयल नंबर सोपा आहे. पहिलं अक्षर महिना, पुढचे दोन आकडे वर्ष. रोमन लिपीतलं 'ई' हे पाचवं अक्षर, म्हणजे 'ई७७'ने सुरू होणारा नंबर मे १९७७ चा. ही पद्धत ऐंशीच्या दशकाच्या मध्यापर्यंत चालली. साठच्या दशकातल्या गिटारवर मात्र बहुधा नंबर नसतो, किंवा असला तरी त्यातून काही कळत नाही. तिथे नेकप्लेटवरचा 'जपान' हा ठसा, पिकअपचा प्रकार आणि खुंट्यांची पट्टी पाहून अंदाज बांधावा लागतो. एकच गिटार निर्यातीसाठी पाच-सहा नावांनी विकली जायची, त्यामुळे हेडस्टॉकवरच्या नावापेक्षा धातूचे भाग बघा. हार्डवेअर खोटं बोलत नाही.

३. विकत घेण्याआधी: काय, कोणत्या क्रमाने तपासायचं

सोबत ठेवायच्या वस्तू: फीलर गेज (टू-व्हीलर मेकॅनिक व्हॉल्व्हची फट मोजायला वापरतात तेच), १५ सेंटिमीटरची स्टीलची पट्टी, मल्टिमीटर, चालू अवस्थेतली केबल, मोबाईलवरचा ट्यूनर आणि टॉर्च. सगळं बोहरी आळी आणि तपकीर गल्लीत मिळून एका दुपारी जमतं.

अ) नेक. गिटार स्वराला लावलेली असतानाच बघा. सैल तारांवर नेक सरळ दिसली तर त्याला काही अर्थ नाही, कारण १०-४६ चा (आकडे तारांच्या जाडीचे, इंचाच्या हजारांशात) साधा सेट स्वरात आला की नेकवर सुमारे ४५ किलोचा ताण येतो. जाडी सहावी तार पहिल्या फ्रेटवर आणि नेक बॉडीला जिथे मिळते त्या फ्रेटवर, अशी दोन्हीकडे दाबा. आता तार हीच तुमची सरळ पट्टी. सातव्या-आठव्या फ्रेटच्या डोक्यावर आणि तारेच्या खाली किती फट आहे ते फीलर गेजने मोजा.

०.२ ते ०.३ मिलिमीटर म्हणजे उत्तम, जेमतेम एक व्हिजिटिंग कार्ड जाईल इतकी. ०.५ पर्यंत असेल आणि ट्रस रॉड फिरत असेल तर चिंता नाही. साठच्या दशकातल्या अनेक टायस्को आणि तत्सम गिटारींवर नेकमध्ये पोलाद असल्याचा दावा करणारी छोटी पट्टी असते. त्याचा अर्थ आत पोलादी सळई बसवलेली आहे, ती जुळवता येते असा नव्हे. अशा नेकमध्ये फट १ मिलिमीटरच्या आसपास असेल तर गिटार फक्त स्लाईड वाजवण्यापुरती धरा. ब्लूज वादक हाऊंड डॉग टेलरने कावाईची स्वस्त किंग्स्टन घेऊन स्लाईडच वाजवली, त्यामुळे हाही मार्ग कमी प्रतीचा नाही. पण किंमत त्या हिशेबाने ठरली पाहिजे.

पीळ बघायला हेडस्टॉककडून डोळा लावा आणि पहिला व शेवटचा फ्रेट एकमेकांना समांतर दिसतात का ते पाहा. पीळ पडलेली नेक घेऊ नका. ते दुरुस्त करणारा कारागीर मिळाला तरी खर्च गिटारच्या किमतीपुढे जातो.

आ) फ्रेट. बऱ्याच जुन्या जपानी गिटारींना नटशेजारी (नट म्हणजे हेडस्टॉकपाशी तारा टेकतात ती खाचांची पट्टी) 'झिरो फ्रेट' असतो. मोकळ्या तारा झणझणतात पण कुठेही दाबली की आवाज स्वच्छ, असं झालं तर झिरो फ्रेटवर तारांनी खाचा पाडल्यात असं समजा. एक फ्रेट बदलणं हे छोटं काम आहे. सगळे फ्रेट चपटे झाले असतील तर ते मोठं.

इ) पिकअप. केबल गिटारमध्ये लावा, व्हॉल्यूम आणि टोन पूर्ण उघडा, मल्टिमीटर २० किलोओहमवर ठेवून केबलच्या दुसऱ्या टोकाच्या पिनची अणी आणि बाही (मागचा धातूचा भाग) यांना मीटरची टोकं लावा. मग पिकअप निवडायच्या स्विचने एकेक पिकअप चालू करा. सिंगल कॉइल (एका गुंडाळीचा पिकअप) साधारण ४ ते ८, हंबकर (दोन गुंडाळ्यांचा) ७ ते ९ किलोओहम दाखवेल. व्हॉल्यूमचा पॉट (बटणाखालचा फिरता भाग) समांतर जोडलेला असल्याने आकडा खऱ्यापेक्षा किंचित कमी येतो, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. मीटरने काहीच दाखवलं नाही किंवा वरच्या रेंजवर शेकडो किलोओहम दाखवले तर गुंडाळी तुटलेली असू शकते. पण आधी स्विच आठ-दहा वेळा पुढेमागे करून परत मोजा. जुन्या जपानी गिटारींचे सरकते आणि रॉकर स्विच गंजून बंद पडलेले असतात आणि लोक चांगला पिकअप मेला म्हणून टाकून देतात.

सोनेरी जाळीचे 'गोल्ड फॉईल' पिकअप असतील तर ते मूळ जागी आहेत ना हे खास बघा. अमेरिकी गिटारवादक राय कुडरने आपल्या स्ट्रॅटोकास्टरमध्ये टायस्कोचा असा पिकअप बसवला आणि तेव्हापासून लोक गिटार मोडून फक्त पिकअप विकतात. पिकअप काढून घेतलेली गिटार 'पूर्ण' म्हणून गळ्यात मारली जाते.

ई) बाकीचं. बॉडी थरांच्या लाकडाची निघाली तर नाराज होऊ नका, त्या काळच्या स्वस्त गिटारींत ते नेहमीचं होतं. ट्रेमोलोचा दांडा हरवलेला असतो, तो मागून घ्या. खुंट्या तीन-तीनच्या पट्टीवर असतील तर सहाही फिरतात का पाहा, कारण एक खराब झाली तर अख्खी पट्टी बदलावी लागते आणि भोकांतलं अंतर जुळणारी पट्टी सहजी सापडत नाही.

४. कुठून घ्यायची, कोणते कागद

बुधवारी आणि रविवारी मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारात क्वचित एखादी गिटार येते, पण तिथे तपासायला अँप नसतो. मल्टिमीटर नेलात तर भागतं. मुंबई, गोवा, कोलकाता आणि शिलाँगमधल्या वादकांकडून जास्त चांगल्या अवस्थेतल्या गिटार मिळतात. पार्सल मागवत असाल तर तारा अर्ध्या सैल करून, हेडस्टॉकखाली गादी देऊन, हार्ड केससकट खोक्यात भरायला सांगा. हेडस्टॉक मोडतो तो खाली आधार नसल्यानेच.

थेट जपानहून मागवणं सगळ्यात मोहाचं आणि सगळ्यात गोंधळाचं. वापरलेल्या वस्तूंची आयात आपल्या परदेश व्यापार धोरणात निर्बंधित प्रकारात मोडते, म्हणजे वस्तू बंदरावर किंवा विमानतळावर अडू शकते. पैसे भरण्याआधी कस्टम ब्रोकरशी बोला आणि वापरलेल्या गिटारबद्दल त्याचं लेखी उत्तर घ्या. दुसरी चूक वर्गीकरणाची. कस्टमच्या यादीत इलेक्ट्रिक गिटार शीर्षक ९२०७ खाली येते, अकूस्टिक ९२०२ खाली. बिलावर नुसतं 'गिटार' लिहिलं की घोळ होतो. तिसरी, 'गिफ्ट' लिहून किंमत कमी दाखवणं. हे करू नका. दंड बसतो आणि विम्याचे पैसेही त्या खोट्या किमतीवरच मिळतात.

फ्रेटबोर्ड रोजवुडचा असला तरी तयार वाद्यांना नोव्हेंबर २०१९ पासून साइट्सच्या (दुर्मिळ प्रजातींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या) परवान्यातून सूट आहे. ब्राझिलियन रोजवुड तेवढा अपवाद, त्याला आजही परवाना लागतो. म्हणून विक्रेत्याकडून लाकडाचं नाव लेखी घ्या.

जवळ ठेवायचे कागद: मॉडेल, अंदाजे वर्ष आणि 'वापरलेली' असा उल्लेख असलेलं बिल, पैसे भरल्याचा पुरावा, एअरवे बिल, आधार आणि पॅन, लाकडाबद्दलचं पत्र आणि गिटारचे सगळ्या बाजूंचे फोटो. पुढे ती घेऊन परदेशी वाजवायला जाणार असाल तर जाताना विमानतळावर कस्टमकडून एक्स्पोर्ट सर्टिफिकेट करून घ्या, म्हणजे परत येताना ड्युटीचा प्रश्न येत नाही.

५. घरी आल्यावर: पहिला आठवडा

केस उघडण्याआधी एक दिवस खोलीत तशीच ठेवा. मग तारा न काढता फोटो काढा: प्रत्येक स्क्रू, ब्रिजची जागा, आतलं वायरिंग.

स्क्रू उघडण्याआधी थांबा. हे स्क्रू दिसायला साध्या फिलिप्स डोक्याचे, पण ते जपानी औद्योगिक मानकाचे म्हणजे जेआयएसचे असतात. खाचेचा कोन वेगळा असल्याने फिलिप्सचा पेचकस वर उसळतो आणि डोकं घासून टाकतो. जेआयएस क्रमांक २ आणि क्रमांक १ चे पेचकस आणा. जुन्या जपानी मोटरसायकलींच्या कार्ब्युरेटरवर हेच स्क्रू असतात, त्यामुळे आरएक्स-१०० वर हात बसलेल्या मेकॅनिककडे हे पेचकस असण्याची शक्यता मोठी. नाना पेठेत विचारा. ट्रस रॉडची चावीही मिलिमीटरच्या मापाचीच लागेल. इंचाची अॅलन की घट्ट बसल्यासारखी वाटते आणि जोर लावला की कोपरे गोल करते.

खुंट्यांच्या गिअरवर शिलाई मशीनच्या तेलाचा एकच थेंब टाका. पॉट आणि स्विचमध्ये इलेक्ट्रिकल कॉन्टॅक्ट क्लीनरचा एक फवारा, मग वीस वेळा फिरवा. कुलपांना मारतात तो गंजरोधक स्प्रे इथे चालत नाही, तो चिकट थर सोडतो आणि धूळ धरतो. आउटपुट जॅकचा नट सैल असेल तर बाहेरून पान्याने नुसता आवळू नका. जॅक आतल्या आत फिरतो आणि वायर तुटते. प्लेट उघडून जॅक आतून धरा आणि मग आवळा.

रोजवुडच्या फ्रेटबोर्डवर लेमन ऑईलचे चार-पाच थेंब फडक्यावर घेऊन चोळा, दहा मिनिटांनी पुसून टाका. लॅकर दिलेल्या मेपलला तेल लावायचं नाही. फ्रेट चकचकीत करायला स्टील वूल वापरलंत तर आधी पिकअप मास्किंग टेपने पूर्ण झाका, नाही तर लोखंडाचा बुक्का चुंबकाला कायमचा चिकटतो.

६. सेटअप: याच क्रमाने

क्रम चुकला तर केलेलं काम पुन्हा करावं लागतं.

तारा. स्केल लेंथ आधी मोजा: नटपासून बाराव्या फ्रेटपर्यंतचं अंतर गुणिले दोन. ट्रस रॉड असलेल्या गिटारला १०-४६ लावा. साठच्या दशकातल्या गिटारचा पेच वेगळा आहे. तिच्या ब्रिजवर तारेचा कोन उथळ असतो, त्यामुळे पातळ तारा खाचेतून उडतात आणि झणझणतात. जाड ११-४९ लावल्या तर ताण ५० किलोच्या वर जातो आणि आधार नसलेली नेक वाकते. मधला मार्ग म्हणजे १०-४६ लावून अर्धा स्वर खाली लावणं, किंवा ११ चा सेट लावून एक स्वर खाली. दुसऱ्या पर्यायात आवाज भरदार येतो, गाणाऱ्यालाही बरं पडतं.

नेकचा बाक. ट्रस रॉड एका वेळी पाव फेराच फिरवा, घड्याळाच्या दिशेने फिरवला की फट कमी होते. मग एक दिवस थांबा आणि पुन्हा मोजा. फिरत नसेल तर तिथेच सोडा.

उंची. बाराव्या फ्रेटवर पहिली तार १.६ ते १.८ आणि सहावी २ ते २.४ मिलिमीटर. ब्रिज तळाला टेकला तरी तारा उंच राहत असतील तर नेकचा कोन चुकलेला आहे. चार स्क्रू काढून नेकच्या खाचेत, टाचेच्या टोकाकडे म्हणजे ब्रिजच्या बाजूला, लाकडी व्हेनिअरची पातळ पाचर ठेवतात. अर्ध्या मिलिमीटरची पाचर बाराव्या फ्रेटपाशी तार पाऊण मिलिमीटरच्या आसपास खाली आणते, म्हणून पहिल्यांदा व्हिजिटिंग कार्डाच्या तुकड्यानेच अंदाज घ्या. नेक काढल्यावर खाचेत जुनी पाचर सापडली तर ती फेकू नका.

स्वरशुद्धी. बाराव्या फ्रेटचा हार्मोनिक (तारेला नुसता स्पर्श करून काढलेला स्वर) आणि तिथेच दाबलेला स्वर ट्यूनरवर ताडून बघा. दाबलेला चढा असेल तर सॅडल (ब्रिजवरचा तारेचा टेकू) मागे, उतरलेला असेल तर पुढे. ब्रिज सुट्या लाकडी तळाचा असेल तर तो तारांच्या ताणावरच उभा असतो. सगळ्या तारा एकदम काढल्या की जागा हरवते, म्हणून मास्किंग टेपवर पेन्सिलने खूण करून ठेवा.

७. वीज, घरघर आणि धोका

तारांना हात लावल्यावर घरघर कमी झाली तर गिटारचं ग्राऊंड शाबूत आहे. पंख्याचा रेग्युलेटर किंवा दिव्याचा डिमर चालू असताना सिंगल कॉइल गुणगुणणारच, तो गिटारचा दोष नाही. पण तारांना हात लावून मायक्रोफोन किंवा दुसऱ्या साधनाला स्पर्श केल्यावर बोटांना मुंग्या आल्या तर त्याच क्षणी थांबा. पेठांतल्या जुन्या वाड्यांत आणि इमारतींत अनेक सॉकेटना अर्थिंगच नसतं आणि साठच्या दशकातल्या गिटारचा पिकगार्ड बऱ्याचदा धातूचा असतो. इलेक्ट्रिशियनकडून सॉकेट तपासून घ्या. अर्थची पिन गाळणारा टू-पिन अॅडॉप्टर अँपला कधीही लावू नका.

गिटारसोबत जपानी अँप आला असेल तर तो १०० व्होल्टचा असतो, आपल्याकडे २३० व्होल्ट. थेट लावला तर जळतो. स्टेप-डाऊन ट्रान्सफॉर्मर अँपच्या वॉटेजच्या दीडपट घ्या आणि मागच्या पट्टीवर ५० हर्ट्झ लिहिलंय का ते वाचा. व्हॉल्व्हचा अँप स्वतः उघडू नका, बंद केल्यावरही कपॅसिटरमध्ये जीवघेणा भार उरतो.

पॉट खरंच मेला असेल तर नवा घेताना शाफ्टचे दाते मोजा. जपानी ६ मिलिमीटरच्या शाफ्टला १८, अमेरिकी मापाच्या शाफ्टला २४. जुनं बटण २४ दात्यांच्या शाफ्टवर ठोकून बसवलं की चिरतं, आणि ते बटण परत मिळत नाही. काढलेला प्रत्येक भाग, मेलेला असला तरी, नाव लिहिलेल्या पिशवीत केसमध्येच राहू द्या.

८. पुण्याची हवा

एप्रिलच्या दुपारी आर्द्रता ३० टक्क्यांखाली, जुलैत ८० च्या वर. लाकडाला हवी ४५ ते ५५. केसमध्ये छोटा हायग्रोमीटर ठेवा. पावसाळ्यात ५० ग्रॅमच्या सिलिका जेलच्या दोन पिशव्या ठेवा, रंग बदलला की मणी ओव्हनमध्ये ११०-१२० अंशांवर दोन तास सुकवा. मार्च ते मेमध्ये सिलिका काढा आणि भोकं पाडलेल्या साबणाच्या डबीत पिळून घेतलेला ओला स्पंज ठेवा. कपाटात ठेवतात त्या डांबराच्या गोळ्या केसमध्ये कधीही नकोत, त्यांची वाफ जुनं प्लास्टिक मऊ करते आणि पिकगार्ड वाकडा होतो. भिंतीवर टांगायची तर बाहेरच्या ओलसर भिंतीवर नको, आतल्या भिंतीवर टांगा.

ट्रस रॉडला वर्षातून दोनदा हात लावावा लागेल: जूनच्या शेवटी आणि दिवाळीनंतर.

९. वाजवताना

गोल्ड फॉईल आणि त्या काळचे बहुतेक सिंगल कॉइल कमी गेनवर खुलतात. अँपचा गेन कमी आणि व्हॉल्यूम जास्त ठेवा, टोन सातवर आणा. अँप चालू असताना पिकअपच्या झाकणावर नखाने हलकेच टिचकी मारा. ती टिचकी स्पीकरमधून ठणठणीत ऐकू आली तर तो पिकअप मायक्रोफोनसारखा वागतोय आणि डिस्टॉर्शन वाढवलं की शिट्टी मारेल. उपाय म्हणून पिकअप मेणात बुडवायचा सल्ला सर्रास दिला जातो. गोल्ड फॉईलच्या बाबतीत तो ऐकू नका, उष्णतेने आतलं प्लास्टिक आणि टेप सुटते आणि आवाजातली ती उघडी, हवेशीर किनारही जाते. त्याऐवजी अँपपासून दोन पावलं मागे सरका आणि अँपकडे तोंड न करता थोडे तिरके उभे राहा.

ट्रेमोलो वापरला की प्रत्येक गाण्यानंतर ट्यूनिंग तपासा. नटच्या खाचांत पेन्सिलचं शिसं घासलं की तार अडकणं बरंच कमी होतं. मऊ, ४बी पेन्सिल घ्या.